नातवाचें रेटिंग आणि आमची वही

बुद्धिबळावर लिहिण्याचा आम्हांस कांहींएक अधिकार नाहीं, हें वाचकांस आरंभींच सांगितलेलें बरें. आम्ही जन्माचे शाळामास्तर. मॅट्रिक झालों, अध्यापनाचें शिक्षण घेतलें, वडिलांपाशीं बसून थोडेंफार संस्कृत शिकलों, आणि भंडारा जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांतून मुलांना शिकवतां शिकवतां केस पांढरे करून घेतले. बुद्धिबळ आम्हांस येतें तें जुन्या देशी पद्धतीचें. त्यांत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर पुढें सरकतें. तरीही हा लेख लिहावयास बसलों, याचें कारण असें कीं, गेल्या दोन वर्षांत या खेळाच्या निमित्तानें आमच्या हातून घरांत एक चूक घडली, आणि ती चूक पुष्कळ घरांतून घडत असावी असा आमचा तर्क आहे.

आमचें घर कारधा येथें, वैनगंगेच्या पूर्वतीरीं. पलीकडे भंडारा शहर. मध्यें नदी, नदीवर इंग्रजी अमदानींतला जुना पूल आणि महामार्गाचा नवा पूल. घरांत आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, दोन सुना व चार नातवंडें, अशीं दहा पानें रोज मांडलीं जातात. ज्याच्याविषयीं लिहावयाचें तो थोरल्या चिरंजिवांचा मुलगा, वय वर्षें पंधरा, यंदा दहावींत.

सन 2020 च्या टाळेबंदींत शाळा बंद होत्या, तेव्हां वेळ घालविण्यासाठीं आम्हींच त्याला पट मांडून दिला. त्याच वर्षीं ऑगस्टअखेर वैनगंगेस मोठा पूर आला. तळघराचें काय, ओसरीचेंही कांहीं खरें नाहीं असें पाहून आम्ही सर्व मंडळी माडीवर गेलों. तेथें काढलेल्या दोन रात्री कंदिलाच्या उजेडांत आजा-नातू खेळत बसलों होतों. आम्हीं त्याला सांगितलें कीं, या खेळाचें मूळ नांव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें. सतराव्या शतकांत नीलकंठ भट्टांनीं आपल्या ‘नीतिमयूख’ ग्रंथांतही या खेळाचें वर्णन केलें आहे. त्यानें तें सर्व निमूटपणें ऐकून घेतलें आणि शेवटीं म्हणाला, "आजोबा, पण तुमच्या डावांत किल्लेकोट नाहीं!" त्याच वर्षाच्या दिवाळीपर्यंत तो आम्हांला हरवूं लागला. पुढें भंडाऱ्यास शिकला, नागपुरास स्पर्धांतून खेळूं लागला, आणि त्याच्या नांवापुढें एक आंकडा लागला. त्या आंकड्यास रेटिंग म्हणतात.

ज्या वाचकांच्या घरीं हें प्रकरण नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. आर्पाद एलो नांवाचे, जन्मानें हंगेरियन परंतु अमेरिकेंत स्थायिक झालेले पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक होते. खेळाडूचें बळ आंकड्यांत मांडण्याची रीति त्यांनीं बसविली आणि आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेनें ती 1970 सालीं स्वीकारली. तत्त्व सोपें आहे. दोघांच्या आंकड्यांतील अंतरावरून कोणाकडून किती गुणांची अपेक्षा करावी हें ठरतें. अपेक्षेपेक्षां जास्त मिळवलें तर आंकडा वाढतो, कमी मिळवलें तर घटतो. दर महिन्याच्या 1 तारखेस नवी यादी निघते. आणि ज्या घरांत खेळणारें मूल आहे त्या घरांत त्या दिवशीं सकाळीं देवपूजेआधीं मोबाईल उघडला जातो.

आमच्या घरीं तो आम्हींच उघडीत असूं. त्यासाठीं आम्हीं एक लांब वही घातली होती. शाळेंत हजेरीपट ठेवण्याची संवय. त्याच धर्तीवर तारीख, स्पर्धा, फेरी, प्रतिपक्षाचें रेटिंग, निकाल, आणि शेवटीं तांबड्या शाईनें नातवाचा आंकडा. फेब्रुवारी 2024 मध्यें तो 1350 होता. 1 मार्च 2024 रोजीं पाहतों तों 1610! एका महिन्यांत 260 गुण! आम्हीं पुलापलीकडून दोन किलो पेढे आणविले आणि आळींत वाटले. सायंकाळीं सूनबाई शाळेंतून आली. ती भंडाऱ्यास गणित शिकविते. तिनें यादी पाहिली, थोडा वेळ कांहीं वाचलें, आणि हंसूं दाबीत म्हणाली, "बाबा, हें सगळ्यांचेंच वाढलें आहे. दोन हजारांच्या आंत ज्यांचें रेटिंग होतें त्यांना संघटनेनें एकदांच वाढवून दिलें. दोन हजारांस जितके कमी, त्याच्या चाळीस टक्के." साडेसहाशेंचे चाळीस टक्के दोनशें साठ, हिशेब बिनचूक जुळला. आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो, पेढे वाटण्याआधीं विचारायचें तरी कुणाला!"

हंसण्यावारी गेलें तें तेवढेंच. पुढें चौदा महिने तो आंकडा जागचा हालला नाहीं. कधीं 1580, कधीं 1640, पुन्हा 1600. सात स्पर्धा झाल्या, त्रेसष्ट डाव झाले, उन्हातान्हांतून एस्. टी. च्या प्रवासांवर आणि प्रवेश-शुल्कावर पैसा गेला, आणि वहींतली तांबडी शाई एकाच ओळींत वर-खालीं होत राहिली. आम्हांस तें सहन होईना. आम्ही मुलाला उदाहरणें देऊं लागलों. "नागपूरचा रौनक साधवानी 2019 सालीं तेराव्या वर्षीं ग्रँडमास्टर झाला. तो तुझ्यासारखाच मुलगा. आपल्यापासून साठ-पांसष्ट किलोमीटरांवरचा!" नातू खालीं मान घालून जेवीत असे. त्याचें जेवण कमी झालें, हें आमच्या लक्षांत आलें नाहीं. तें आजीच्या लक्षांत आलें.

2025 च्या मे महिन्यांत नागपुरास एक स्पर्धा होती. आम्ही सोबत गेलों होतों. पालकांनीं दालनाबाहेर बसावयाचें असतें. सर्वांच्या हातीं पाण्याच्या बाटल्या, आणि दार उघडलें कीं सर्वांच्या माना एकदम वळतात. पांचव्या फेरींत आमचा नातू बरोबरी करून बाहेर आला. थोड्या वेळानें त्याच्या प्रतिपक्षाचे वडील आमच्याकडे आले आणि मोठ्या सौजन्यानें म्हणाले, "काका, तुमच्या नातवानें आज आमच्यावर उपकार केले. त्याचा एक घोडा जास्त होता, आणि त्यानेंच बरोबरी मागितली." आम्ही स्तब्ध झालों. परततांना बसमध्यें विचारलें, "हातीं आलेला डाव कां सोडलास रे?" मौदा येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "आजोबा, हरलों असतों तर वीस गेले असते."

घरीं आल्यावर हा प्रकार आम्हीं सूनबाईस सांगितला. ती त्याला रागें भरेल अशी आमची अपेक्षा होती. ती कांहीं न बोलतां आमची वही घेऊन बसली. तासाभरानें तिनें आम्हांस हांक मारली व कागदावरची बेरीज दाखविली. त्रेसष्ट डावांपैकीं जिंकलेले एकोणीस, हरलेले अठरा आणि बरोबरीचे सव्वीस.

"बाबा, हें पाहा," ती म्हणाली, "याच्या वयाला आणि याच्या पायरीला हिशेबाचा गुणक चाळीस असतो. बरोबरीच्या मुलाशीं जिंकला तर वीस वाढतात, हरला तर वीस जातात, आणि बरोबरी केली तर शून्य. दोनशेंनीं कमी असलेल्या मुलाशीं नुसती बरोबरी केली तरी दहा जातात. म्हणून हा खालच्या मुलाला भितो आणि बरोबरीच्या मुलाशीं लवकर हात मिळवितो. यानें चौदा महिने दुसरें कांहीं केलें नाहीं, तो आंकडा राखीत बसला आहे. राखलेला आंकडा वाढेल कसा?"

आम्ही म्हणालों, "पण ही भित्री बुद्धि याला कोणी शिकविली?"

ती क्षणभर थांबली. वडिलधाऱ्यांस कसें सांगावें हा प्रश्न तिला पडला असावा. मग हलक्या आवाजांत म्हणाली, "बाबा, राग मानूं नका. तो पटावर बसतो तेव्हां त्याला समोरचा मुलगा दिसत नाहीं. त्याला तुमची वही दिसते."

वाचकहो, चौतीस वर्षें आम्हीं मुलांच्या वह्या तपासल्या. आमची वही कोणी तपासण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सकाळीं उठून ती वही आम्हीं सूनबाईच्या स्वाधीन केली. तिनें ती कपाटांत ठेवून कुलूप लावलें. दहावीचें वर्ष असल्यामुळें खेळच बंद करावा, असें धाकट्या चिरंजिवांचें मत होतें. नातवानें तें ऐकलें, आणि प्रथमच मान वर करून म्हणाला, "बंद करायचा तर करा. पण मी हरतों म्हणून नको." यावर कोणास उत्तर सुचलें नाहीं. शेवटीं असें ठरलें कीं, वर्षांत दोनच स्पर्धा खेळाव्या, रोज पहाटे पाऊण तास अभ्यास करावा, मोबाईलवरचे तीन-तीन मिनिटांचे डाव सोडून द्यावे, आणि घरांत कोणीही आंकडा उच्चारूं नये. जो उच्चारील त्यानें अकरा रुपये देवापुढें ठेवावे. हा दंड आजीनें सुचविला. तो आतांपर्यंत दोनदां वसूल झाला, आणि दोन्ही वेळां आमच्याकडूनच.

मग आम्हीं हरलेल्या अठरा डावांचे कागद बाहेर काढले. स्पर्धेंत प्रत्येक चाल लिहावी लागते, ही या खेळाची फार चांगली रीति आहे. चूक लपून राहत नाहीं. आम्ही एकेक चाल मोठ्यानें वाचीत असूं, तो लांकडी पटावर मांडीत असे, आणि डाव जेथें फिरला तेथें आम्ही थांबून एकच प्रश्न विचारीत असूं, "येथें तुझ्या मनांत काय होतें?" उत्तर त्यानें मराठींत लिहावयाचें, संगणकास विचारावयाचें तें त्यानंतर. खेळ आम्हांस येत नाहीं, परंतु प्रश्न विचारणें येतें. मास्तरकीचा तेवढाच अंश येथें उपयोगी पडला. अठरा डावांपैकीं तीन आरंभींच्या चालींत गेले होते, पांच मधल्या धुमश्चक्रींत, आणि तब्बल दहा अखेरीस, पटावर मोजकीं मोहरीं उरलीं असतांना. उत्तरांच्या वहींत तीन वाक्यें पुनःपुन्हा येत होतीं: "घाई झाली", "भीति वाटली", "सोपें आहे असें वाटलें".

आणि हा मुलगा चौदा महिने अभ्यास कशाचा करीत होता? आरंभींच्या चालींचा! हें पाहून आम्हांस आमच्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. मुलगा शब्दरूपें पाठ करतो, धातुरूपें पाठ करतो, आणि साठ गुणांपर्यंत झपाट्यानें येतो. तेथें तो अडतो. अडल्यावर काय करतो? आणखी रूपें पाठ करतो! कारण तीं पाठ केल्यानें पूर्वीं गुण वाढले होते. वास्तविक त्याला आतां अन्वय लावावयास शिकलें पाहिजे. वाक्य समोर ठेवून कर्ता कोठें, क्रिया कोठें हें धीरानें शोधलें पाहिजे. ज्या विद्येनें या पायरीपर्यंत आणलें ती पुढच्या पायरीवर नेत नाहीं. परंतु आपल्यास जें येतें तेंच घोकण्यांत मनाला सुख असतें, आणि त्या सुखासच आपण अभ्यास म्हणतों.

म्हणून त्यानें अखेरीच्या डावांचा अभ्यास धरला. त्यांतला एक धडा आम्हांस इतका आवडला कीं येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अठराव्या शतकांत फिलिडोर नांवाचा एक फ्रेंच संगीतकार होऊन गेला. तो त्या काळचा श्रेष्ठ बुद्धिबळपटूही होता. एका बाजूस राजा, हत्ती व एक प्यादें; दुसऱ्या बाजूस राजा व हत्तीच. प्यादें नसलेल्यानें डाव कसा वांचवावा? आपला राजा त्या प्याद्याच्या वाटेवर ठेवावा, आणि हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीवर उभा करून प्रतिपक्षाच्या राजाची वाट अडवावी. तेथें नुसतें थांबावयाचें; उगाच कांहीं करावयाचें नाहीं. प्यादें त्या ओळीवर पुढें आलें कीं मात्र लगेच हत्ती पटाच्या दूरच्या टोकास नेऊन पाठीमागून शह देत राहावें; राजाला आतां लपावयास प्याद्याचा आडोसा नसतो. केव्हां थांबावें व केव्हां हालावें, एवढेंच त्यांत आहे. परंतु तेवढें कळण्यास नातवास तीन आठवडे लागले.

याच सुमारास, 28 जुलै 2025 रोजीं, नागपूरच्या दिव्या देशमुखनें जॉर्जिया देशांतील बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यांत समोर कोनेरू हंपी, वयानें तिच्या दुप्पट आणि अनुभवानें कितीतरी मोठी. पहिले दोन डाव बरोबरींत सुटले, आणि जलद डावांत दिव्यानें बाजी मारली. ग्रँडमास्टर होण्यास सामान्यतः 2500 रेटिंग आणि उच्च दर्जाच्या कामगिरीचे तीन दाखले लागतात. त्या दाखल्यांस नॉर्म म्हणतात, आणि दिव्यापाशीं त्यांतला एकही नव्हता. विश्वचषक जिंकल्यामुळें तो किताब तिला एकदम मिळाला, आणि ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. आमच्या घरीं त्या दिवशीं दिवाळी झाली. आमच्या तोंडीं जुनें वाक्य आलें होतें, "पाहा, एकोणिसाव्या वर्षीं..." पण सूनबाईनें आमच्याकडे पाहिलें आणि आम्हीं तें गिळलें. त्याऐवजीं दुसरी हकीकत सांगितली. प्रवीण ठिपसे 1984 सालीं आंतरराष्ट्रीय मास्टर झाले, पुढच्याच वर्षीं राष्ट्रकुल विजेते झाले, आणि ग्रँडमास्टर कधीं? 1997 सालीं. मध्यें तेरा वर्षें! भारतांत त्यांच्यापूर्वीं हा किताब मिळविणारे दोघेच होते, आनंद आणि दिब्येंदु बरुआ. एकाच खेळांत कोणाची वाट तीन आठवड्यांत मोकळी होते, कोणास तेरा वर्षें लागतात. आणि दोघेही खरेच खेळाडू.

भाद्रपदांत पहिली स्पर्धा आली. सहाव्या फेरींत आपल्याहून दोनशेंनीं वरचढ मुलाशीं त्याचा डाव पडला. प्रतिपक्षानें बरोबरी देऊं केली. घेतली असती तर दहा गुण पदरांत पडत होते. आमच्या नातवानें नाकारली, चार तास खेळला, आणि हरला. दार उघडून तो बाहेर आला तेव्हां आमच्या जिभेवर काय काय आलें होतें, तें येथें लिहीत नाहीं. तो जवळ आला आणि म्हणाला, "आजोबा, फिलिडोरच होतें तें. प्यादें पुढें आलें तेव्हां मीं हत्ती एक चाल उशिरा मागें नेला. एकच चाल!" त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतें, परंतु भीति नव्हती. मे महिन्यांतला चेहरा आणि हा चेहरा यांतील फरक आम्हांस त्या क्षणीं स्पष्ट दिसला. आम्हीं त्याला उसाचा रस पाजला आणि दुसरें कांहीं बोललों नाहीं. त्या स्पर्धेनें त्याचें रेटिंग 1602 वरून 1571 वर उतरलें. म्हणजे आमच्या सर्व उपायांचें फळ एकतीस गुणांची घट! आमची श्रद्धा खऱ्या कसोटीस लागली ती तेव्हां. कपाटाची किल्ली मागण्याचा मोह आम्हांस दोनदां झाला, हें कबूल करतों.

दुसरी स्पर्धा दिवाळीच्या सुट्टींतली. सातव्या फेरींत पुन्हा तेंच उभें राहिलें: त्याच्याकडे राजा व हत्ती, समोर राजा, हत्ती व प्यादें. या वेळीं हत्ती तिसऱ्या ओळीवर थांबला. प्यादें पुढें येतांच मागें गेला. आणि शहामागून शह देऊन त्यानें डाव वांचविला. ती बरोबरी भीतीनें मागितलेली नव्हती; दीड तास झगडून मिळविलेली होती. नऊ डावांत त्याला सहा गुण मिळाले, आणि बहुतेक प्रतिपक्षी त्याच्याहून वरचढ होते. 1 नोव्हेंबरच्या यादींत त्याचा आंकडा 1703 आला. ही वार्ता त्यानें आम्हांस सांगितली नाहीं; शेजारच्या मुलाकडून कळली. आम्ही ती आनंदानें घरांत सांगूं लागलों, आणि तेथेंच दुसऱ्यांदा अकरा रुपये दंड भरला.

कारध्यास वैनगंगेची पातळी मोजली जाते. पावसाळ्यांत साऱ्या भंडाऱ्याचें लक्ष त्या आंकड्याकडे असतें, आणि तें योग्यच आहे. त्या आंकड्यावरून माणसें हलवितात, गुरें सोडतात. परंतु पट्टीकडे टक लावून पाहिल्यानें पाणी चढत नाहीं कीं उतरत नाहीं. तें वरच्या पावसावर आणि धरणांच्या दारांवर अवलंबून असतें. मुलाच्या रेटिंगचें, परीक्षेच्या टक्क्यांचें, फार काय, आमच्यासारख्यांच्या रक्तदाबाचेंही असेंच आहे. माप घ्यावें, समजून घ्यावें आणि बाजूस ठेवावें. तें मुलाच्या पानांत वाढूं नये.

हें लिहीत असतांना दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. 1703 पुढें तो जाईल कीं तेथें पुन्हा अडेल, हें आम्हांस ठाऊक नाहीं. अडेलही, अडण्याची जागा प्रत्येक पायरीवर असते, आणि तेथें पुन्हा कांहीं जुनें सोडून कांहीं नवें शिकावें लागेल. तें त्याचें त्याला कळेल, कारण उत्तरांची वही तो आतां स्वतः लिहितो. परवां सूनबाईनें आम्हांस विचारलें, "बाबा, तुमची ती वही परत हवी का?" आम्हीं म्हटलें, "मागचीं कोरीं पानें फाडून त्याला दे. त्याची वही संपत आली आहे."